चाकामागची वीट

माजिवडा, ठाणे
कोजागिरीनंतरचा चौथा दिवस

चि. सलिल यास,

सुधीरभाऊजींचे आशीर्वाद. हे आशीर्वाद या घटकेला तू घेशील असं मला वाटत नाही, तरी पद्धत म्हणून आधी लिहून टाकले. नको असतील तर जयाकडे दे, तिचं माझं काही भांडण नाही. मी आणि तुझी ताई सुमेधा, आम्ही दोघं इकडे प्रकृतीनं ठीक आहोत. तुझा रक्तदाब कसा आहे? सकाळची गोळी वेळेवर घेतोस ना? (दसऱ्यापासून वाढला असला तर त्यात माझा वाटा किती, हे या पत्राच्या शेवटी तुला कळेल.) गुडघ्याला शेक देतोस का? जयाची अ‍ॅसिडिटी कमी झाली का? दसऱ्याच्या दिवशी तिनं श्रीखंडाला हातसुद्धा लावला नाही, हे मी पाहिलं होतं. माझ्या बोलण्यामुळे असेल असं मनात आलं होतं, पण तेव्हा मी रंगात होतो. तुझ्या लेकीच्या, चि. वल्लरीच्या सासरची, म्हणजे अजून व्हायच्या सासरची, मंडळी माझ्याबद्दल पुढे काय म्हणाली, हे कळवलं नाहीस तरी चालेल.

या जमान्यात टपालानं पत्र कशाला, असं तुला वाटेल. तर बाबा, तुला मी सतरा वेळा फोन केला. तू उचलत नाहीस. कुटुंबाच्या ग्रुपवर लिहावं, तर तू ग्रुप सोडून गेलास. (तू गेल्यापासून रोज सकाळी फुलांची चित्रं पाठवायची जबाबदारी कुणी घेतलेली नाही. त्याबद्दल तुझं दुःख मानावं की आभार, यावर ग्रुपमध्ये मतभेद आहेत.) प्रत्यक्ष शहाडला यावं, तर दार कोण उघडेल याची खात्री नाही. उरला पोस्टमन. तो पत्र दारात टाकून जातो आणि जाताना कुणाच्या तोंडाकडे बघत नाही. तेव्हा उभ्या उभ्या फाडू नकोस, बसून वाच.

सलिल, मला धक्का बसला आहे. साधासुधा नव्हे. गेले चार दिवस मी चहाचा कप हातात घेऊन बाल्कनीत उभा राहतो आणि चहा गार होऊन जातो. पण एकदम सांगितलं तर तुला पटणार नाही, म्हणून सुरुवातीपासून सांगतो.

पाडव्याला तू तुझी पांढरी गाडी आम्हाला दिलीस. नऊ वर्षं जिवापाड सांभाळलेली गाडी, आणि बदल्यात घेतलास काय, तर एक नारळ. 'ताईला आता उन्हातान्हात रिक्षा शोधायला नको,' एवढंच म्हणालास. मला तेव्हाही भरून आलं होतं, पण मी ते दाखवलं नाही, कारण तपासणी विभागातल्या माणसानं माल ताब्यात घेताना भरून येऊ द्यायचं नसतं. तुला ठाऊकच आहे, वागळे इस्टेटमधल्या आमच्या कारखान्यात मी तेहतीस वर्षं येणारा-जाणारा प्रत्येक नग मोजला. माझ्या सहीशिवाय तिथून खिळा बाहेर पडत नव्हता. तेव्हा तुझी गाडी आली त्या दिवशी मी एक दोनशे पानी वही घातली. आणि डिकी उघडली तर आत काय, इंजिन ऑइलचा दोन लिटरचा डबा. तू म्हणालास, 'असू दे, लागेल.' मी मनात खूण केली. ज्याला गाडी तेल पिते हे माहीत असतं, तोच डिकीत डबा ठेवतो. (हे मी तेव्हा वहीत लिहिलंही. आता ते पान फाडलं आहे.) त्या डब्याला मी पुढे तत्त्व म्हणून हात लावला नाही. मी माझी बाटली वेगळी आणली.

आता गाडी ठेवण्याबद्दल. सोसायटीत मला पार्किंगची अठ्ठावीस नंबरची जागा मिळाली. मिळाली म्हणजे मी मिळवली. आधी मला ड्रॉमध्ये एकोणीस नंबर आला होता, पण तिथं वरच्या मजल्याचा पाइप गळतो. अठ्ठावीसला दिवसभर सावली, पाइप नाही, शेजारी खांब, त्यामुळे दरवाजा आपटायला कुणी नाही. या एका जागेसाठी मी तीन सभा गाजवल्या, सेक्रेटरीशी अबोला धरला आणि नियमावलीतलं बाविसावं कलम तोंडपाठ केलं. जागा उत्तम आहे. वर येणाऱ्या चढावर आहे एवढंच, पण त्याचा काही त्रास नाही, गाडी लावली की मी मागच्या चाकामागे एक वीट ठेवतो. चांगली भाजलेली, जड वीट आहे, कुठे बाहेर गेलो तरी डिकीत बरोबर असते. ही वीट लक्षात ठेव, सलिल. मी लक्षात ठेवली नाही.

दर रविवारी सकाळी आंघोळ झाली की मी खाली जायचो. बॉनेट उघडायचो, ऑइलची पट्टी ओढायचो, सुमेधाच्या जुन्या सुती साडीच्या तुकड्यानं पुसायचो, परत घालायचो, परत ओढायचो आणि डोळ्यांसमोर धरून बघायचो. पहिल्याच रविवारी मी चाट पडलो. तेल खालच्या खुणेच्याही खाली. म्हटलं, सलिल इतका निष्काळजी कधीपासून झाला? पाव लिटर घातलं, वहीत लिहिलं. पुढच्या महिन्यात पुन्हा कमी, पुन्हा पाव लिटर. गंमत अशी की इंजिनाला काही ताळतंत्रच नाही. एका रविवारी बघावं तर तेल चांगलं वर चढलेलं, जणू आठवडाभरात गाडीनं एक थेंब तोंडात घेतला नाही. दोन आठवड्यांनी बघावं तर पुन्हा ठणठणाट. मी आलेख काढला. असा आलेख मी उभ्या नोकरीत पाहिला नव्हता. तेहतीस वर्षांत मला लहरी साहेब भेटले, लहरी कामगार भेटले, पण लहरी इंजिन पहिल्यांदाच बघत होतो. सात महिन्यांत सात वेळा पाव-पाव लिटर, म्हणजे पावणेदोन लिटर तेल मी त्या गाडीच्या पोटात ओतलं. जितकं ओतावं तितकी ती पीत होती.

भाद्रपदात धूर सुरू झाला. निळा. आधी सकाळी चालू करताना थोडासा, मग सिग्नलला उभं राहिलं की भसाभसा. माजिवड्याच्या चौकात मागच्या स्कूटरवाल्यानं मला पुढे येऊन विचारलं की काका, गाडीत डासांचं औषध मारता का. गाडी थरथरायला लागली, चढावर दमायला लागली. शेवटी सर्व्हिस रोडवरच्या एका गॅरेजात नेली. (नाव लिहीत नाही.) तिथल्या माणसानं हवेच्या फिल्टरचं झाकण काढलं, आणि मी हबकलो. फिल्टरचा कागद खालून तेलानं भिजून काळाकुट्ट. फिल्टरपासून इंजिनाकडे जाणारा जो जाड रबरी पाइप असतो, ज्यातून नुसती स्वच्छ हवा जायची, त्यात त्यानं बोट घातलं आणि बाहेर काढून माझ्या नाकासमोर धरलं. बोटावरून तेल ठिबकत होतं. हवेच्या वाटेत तेल! माणसाच्या श्वासनलिकेत आमटी जावी तसलाच हा प्रकार. पाच मिनिटांत त्यानं निकाल दिला की इंजिन संपलं, आतल्या रिंगा झिजल्यात, खालची हवा तेल घेऊन वर येतेय, पूर्ण इंजिन खोलावं लागेल, आणि हे काही सात महिन्यांत होत नाही, जुनं दुखणं आहे. शेजारच्या नयनला विचारलं (हा स्वतः कायम रिक्षानं फिरतो, पण मोबाइलवर गाड्यांचे व्हिडिओ बघतो), तर त्यानं अकरा व्हिडिओ बघून तेच सांगितलं. जुनं दुखणं. हे दोन शब्द माझ्या डोक्यात असे काही बसले की विचारू नकोस. म्हणजे सलिलला माहीत होतं. म्हणूनच डबा. म्हणूनच नुसता नारळ.

आणि मग दसरा उजाडला. खरं सांगतो, ते वाक्य मला आयत्या वेळी सुचलं नव्हतं. माजिवड्याहून शहाडला येईपर्यंत मी ते मनात घडवत होतो. कल्याणला खाडीच्या पुलावर गाडी अडकली होती तेव्हा त्याला शेवटचा हात फिरवला. तुझ्या बिल्डिंगखाली आम्ही आलो तेव्हा गाडीनं गेटमध्येच असा निळा लोट सोडला की वॉचमन खोकत बाजूला झाला. वर आलो. वल्लरीचे सासू-सासरे सोफ्यावर बसले होते. तू हसत पुढे आलास, आपट्याची पानं माझ्या हातात ठेवलीस, वाकलास, आणि वाकलेला असतानाच मी भर माणसांत म्हणालो की सोनं देतोस खरा, पण गाडी मात्र पितळेची दिलीस. एवढ्यावर थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण मी पुढे रिंगा सांगितल्या, पाइप सांगितला, डबा सांगितला, आणि वल्लरीच्या सासऱ्यांकडे वळून, 'वस्तू घेताना तपासून घ्यावी हो,' असंही म्हणालो. (त्या वेळी माझ्या मनात फक्त गाडी होती. वल्लरी आत का निघून गेली ते मला घरी परत येताना कळलं.) उचलली जीभ लावली टाळ्याला. तू सरळ झालास. आवाज चढवला नाहीस. तुझं ते वाक्य माझ्या कानात अजून आहे.

"भाऊजी, या भाऊबीजेला मी येणार नाही. ताईला तुम्हीच सांगा."

ताई तुझ्यामागेच उभी होती, सलिल. तिला सांगायची गरजच पडली नाही.

त्या दिवसापासून सुमेधा मला सगळ्याला 'हो' म्हणते. तुला यातलं गांभीर्य कळणार नाही, कारण तू भाऊ आहेस, नवरा नाहीस. भाकरी करतेस का, हो. खिडकी लावू का, हो. मी मुद्दाम म्हणून पाहिलं की यंदा फराळात चकली नको, तर त्यालाही हो. सदतीस वर्षांच्या संसारात मी लागोपाठ दोन 'हो' ऐकले नव्हते. भांडली असती तर मी तयारीत होतो, माझ्याकडे फिल्टरचे फोटो होते. पण ती भांडेना. नजर देईना. आणि गेल्या आठवड्यात तिनं माळ्यावरून भाऊबीजेचा पाट काढला, तो तुमच्या आईचा, पितळी फुलांचा. चिंचेनं त्याची फुलं घासली, पाट पुसला, बाल्कनीत वाळवला, आणि संध्याकाळी पुन्हा माळ्यावर ठेवून दिला. मी हे सगळं पेपराआडून बघत होतो. पेपरात काय होतं ते मला सांगता येणार नाही. सदतीस वर्षांत तू एकदाही चुकला नाहीस. पाय प्लास्टरमध्ये होता त्या वर्षी पायऱ्या बसून बसून चढलास. टाळेबंदीच्या वर्षी वॉचमननं आत सोडलं नाही, तर गेटच्या गजांपलीकडे उभा राहिलास आणि सुमेधानं तोंडाला पट्टी लावून गजांतून तुला ओवाळलं होतं. निरांजन विझू नये म्हणून मी वर छत्री धरली होती. आणि आता एका रबरी पाइपापायी पाट माळ्यावर गेला.

तरी मी बधलो नव्हतो, हेही कबूल करतो. माझं म्हणणं होतं की सत्य सिद्ध झालं पाहिजे. त्यावर सुमेधानं त्या आठवड्यातलं 'हो' सोडून असलेलं एकमेव वाक्य उच्चारलं, की सलिल गाडी डोंबिवलीच्या मानपाड्याला दौलत मिस्त्रींकडे न्यायचा, त्यांना विचारा. हे ऐकून मला आनंद झाला. म्हटलं, तुझाच मिस्त्री, नऊ वर्षं गाडी बघितलेला. त्याच्याकडूनच लिहून घेऊ की इंजिन आधीपासून खराब होतं. मी कोरा कागद, कार्बन आणि दोन पेनं घेतली. (एक बंद पडलं तर.) आणि शनिवारी दुपारी धूर काढत काढत डोंबिवलीला गेलो. एमआयडीसीच्या अलीकडे त्या पत्र्याच्या शेडमध्ये गाडी घातली, उतरलो, डिकी उघडली, वीट काढली आणि मागच्या चाकामागे ठेवली.

दौलत मिस्त्री तुला माहीतच आहेत. साताऱ्याकडचा माणूस, साठीचा, बोलणं मोजकं. मी माझी सगळी बाजू मांडली, वही दाखवली, आलेख दाखवला. त्यांचं कशाकडेच लक्ष नव्हतं. ते खाली वाकून चाकाकडे बघत होते. मग म्हणाले, "साहेब, सपाट जमिनीवर वीट कशाला?"

मी म्हटलं, सवय हो. आमच्याकडे उतार आहे ना.

त्यांनी मान डोलावली. मला बाकड्यावर बसवलं, चहा सांगितला. गाडीला वीस मिनिटं हात लावला नाही. मला वाटलं, सलिलला वाचवायला वेळ काढतायत. मग शांतपणे उठले, बॉनेट उघडलं, पट्टी ओढली, पुसली, परत घालून ओढली आणि माझ्या हातात दिली. तेल वरच्या खुणेच्याही वर चांगलं चार बोटं होतं. मी पट्टी उलटी धरली आहे की काय असं मला वाटलं. उलटी धरून पाहिली. मग दौलत मिस्त्रींनी विचारलं, की साहेब, घरी ऑइल बघता ते कुठं उभं करून बघता? आणि सलिल, मी तोंड उघडलं, आणि उत्तर तोंडातून बाहेर यायच्या आधी मला ती वीट दिसली.

चढावर गाडीचं नाक वर, शेपूट खाली. पोटातलं तेल सगळं मागे सरकतं, आणि या गाडीत पट्टी आहे पुढच्या अंगाला. तेल भरपूर असलं तरी पट्टी कोरडीच येणार. मी सात महिने दर रविवारी उतारावर माप घेत होतो! मी, सलिल! बाहेरच्या पुरवठादाराचा टेबल केसाएवढा तिरका आहे म्हणून ज्यानं त्याचा अख्खा ट्रक परत पाठवला होता, तो मी. 'आधी पाया सपाट, मग माप,' ही पाटी आमच्या विभागात कुणी लावली होती? मी. आणि गाडी उतारावर आहे हे मला ठाऊक नव्हतं असंही म्हणता येत नाही, कारण ती घरंगळू नये म्हणून रोज स्वतःच्या हातानं वीट लावणाराही मीच. काखेत कळसा आणि गावाला वळसा. मला दरदरून घाम फुटला. दौलत मिस्त्रींनी पंखा माझ्याकडे वळवला.

पुढचं त्यांनी मला फार समजुतीनं सांगितलं. इंजिनाच्या पोटात चालताना वाफ धरते. ती कोंडू नये म्हणून एक बारीक नळी ती वाफ हवेच्या पाइपात सोडते, तिथून ती आत जाऊन जळून जाते. पोटात तेल बेताचं असलं तर नुसती वाफ येते. गळ्यापर्यंत भरलं तर वाफेबरोबर तेलही वर चढतं, हवेच्या वाटेत उतरतं, फिल्टर भिजवतं, आणि जळतं तेव्हा निळा धूर होतो. दूध पातेल्यात काठोकाठ भरून उकळलं तर दोष गॅसला देता का, असं त्यांनी मला विचारलं. तेल असं जळून कमी झालं की मी समजायचो गाडी तेल पिते, आणि वर आणखी ओतायचो. रिंगांची शंका मनात राहू नये म्हणून त्यांनी चारही सिलिंडरांचा दाब मोजला. चारही एकसारखे, एकदम खणखणीत. आणि मग माझ्या कोऱ्या कागदाकडे बघून ते म्हणाले, "ही गाडी आजारी न्हाई, साहेब. तिला खायला घालून घालून मारताय."

हे वाक्य मी त्या कागदावर लिहून घेतलं आणि खाली त्यांची सही घेतली. सोबत जोडलं आहे. कार्बन कॉपी माझ्याकडे आहे. जास्तीचं तेल काढलं, पाइप आणि नळी धुतली, नवा फिल्टर बसवला. आज चार दिवस झाले, धुराचा टिपूस नाही. गाडी परत पाडव्याला होती तशी गुणी झाली आहे. अठ्ठावीस नंबरची जागा मी सोडली. एकोणीस नंबर परत मागितला तेव्हा सेक्रेटरीनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं तीही शिक्षा मी भोगली आहे.

तर सलिल, तुझं इंजिन निर्दोष आहे. तूही निर्दोष आहेस. मी तुझ्या घरी, सणाच्या दिवशी, व्याह्यांसमोर, वाकलेल्या माणसाला बोललो, आणि ज्या मापावर विसंबून बोललो ते मापच तिरकं होतं. याची मला लाज वाटते. तेहतीस वर्षांत मी कुणाची माफी मागितली नाही, कारण तशी वेळ आली नाही असं मी समजत होतो. आता वाटतं, आली असेल, मीच उतारावर उभा राहून बघत होतो. मला माफ कर. वल्लरीच्या सासरी मी स्वतंत्र पत्र टाकतो आहे, त्यात 'वस्तू' हा शब्द कुठल्याही अर्थानं येणार नाही याची काळजी घेतली आहे.

जयाला नमस्कार, वल्लरीला आशीर्वाद, आणि तुला, घेत असशील तर, पुन्हा एकदा.

तुझा,
सुधीरभाऊजी

ता. क. एक : वरचं सगळं लिहायला मला तीन दिवस लागले, पण लिहायचं एवढंच होतं. भाऊबीजेला ये. पाट मी गुपचूप माळ्यावरून काढून कपाटामागे ठेवला आहे. तू आला नाहीस तर तो मला पुन्हा वर ठेवता येणार नाही.

ता. क. दोन : यातलं अक्षरही ताईला सांगू नकोस. तिला मी फक्त एवढंच सांगितलं आहे की एक झडप चोंदली होती ती साफ केली, दोष कुणाचाच नाही. वीट तिला कळता कामा नये. एवढ्या वर्षांत तिचा माझ्या मापावर जो विश्वास आहे (फराळाचं पीठसुद्धा ती माझ्याकडून मोजून घेते), तो आता या वयात जाऊ नये. तू आलास की 'झडप' म्हण, बाकी मी सांभाळतो.

ता. क. तीन : माफी मागितली आहे ती कायम आहे, पण तपासणी विभागाचा माणूस म्हणून एक गोष्ट नोंदवणं भाग आहे. मी घातलं पावणेदोन लिटर. मिस्त्रींनी जास्तीचं म्हणून काढलं पुरते दोन लिटर. शिवाय धुरात गेलं ते वेगळं. घातल्यापेक्षा जास्त तेल निघणारी गाडी मी तरी ऐकलेली नाही. आणि काम झाल्यावर भरायला म्हणून तुझा डिकीतला डबा उचलला, तर तो रिकामा. सील फुटलेलं. तेव्हा तू मला कडेपर्यंत भरलेली गाडी आणि रिकामा डबा दिलास काय, याचा शांतपणे विचार कर. मी रागावणार नाही. पण भाऊबीजेला येशील तेव्हा ओवाळणं झाल्यावर पाच मिनिटं बसून या तेलाचा उलगडा करावा लागेल.

ता. क. चार : तुमच्याकडचा पिनकोड मला कधीच लक्षात राहत नाही. पाकिटावर तो घालायला सुमेधाकडे देतो आहे. काळजी करू नकोस, ती दुसऱ्यांची पत्रं वाचत नाही.

*

सलिल,

दुसऱ्यांची मी वाचत नाहीच, पण हे माझ्या भावाचं आहे.

डबा भरलेलाच होता रे. तो मी रिकामा केला. पाडव्याला निघताना तू मला बाजूला घेऊन म्हणाला होतास ना, की ताई, भाऊजी बाकी सगळं बघतील, पण ऑइल तेवढं तू बघत जा, विसरले तर इंजिन जाईल. पट्टी कशी ओढायची तेही दाखवलं होतंस. मी दर शनिवारी, हे कट्ट्यावर गेले की खाली जायची. कोरडी दिसली की थोडं घालायची. ह्यांना सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर ह्यांना वाटलं असतं मी ह्यांचं माप तपासते. वीट मलाही दिसायची. उलट मला वाटायचं, किती काळजी घेतात गाडीची.

हे समजतात मी रागावले आहे. राग कसला आलाय. भाद्रपदात धूर दिसला तेव्हापासून मला एकच वाटतंय की सलिलची गाडी मी घालवली. तू दसऱ्याला सगळ्यांसमोर ऐकून घेतलंस आणि मी तुझ्यामागे उभी राहून गप्प बसले, ते ह्यांच्या बोलण्यापेक्षा मला जास्त लागलं. तोंड उघडलं तर खरं बाहेर पडेल म्हणून सगळ्याला हो हो म्हणत होते. आज हे पत्र वाचलं आणि ओट्यापाशी उभी राहून इतकी हसले, इतकी रडले, की ह्यांनी आतून विचारलं, काय झालं. मी म्हटलं, काही नाही. बघ, 'हो' सुटलं.

ह्यांना काही सांगू नकोस. भाऊबीजेला तू पाटावर बस, मी ओवाळताना सांगेन. तबक माझ्या हातात असलं की हे आवाज चढवत नाहीत. पाट कपाटामागून काढून मी पुसून ठेवला आहे. वल्लरीच्या सासूबाईंना मी फोन केला आहे, त्या मनात काही ठेवणाऱ्यातल्या नाहीत.

लवकर ये, जयाला आण. आणि येताना काही आणत बसू नकोस. तेल तर मुळीच नको, अभ्यंगाचंसुद्धा घरात आहे.

ताई